मदत हवी आहे: पावसाळ्यात उभ्या विमानाचा कॅमशाफ्ट गंजतोय, ऑइलमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकावं का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे जुनं सेसना 172 आहे, इंजिन लायकमिंग कंपनीचं ओ-320-डी2जे. जुलै-ऑगस्टात बिजासन टेकरीवर ढग उतरले की विमान तीन-तीन आठवडे हँगरमध्ये उभं.

मागच्या सप्टेंबरात ऑइल चेंजला फिल्टर कापला. घड्या उलगडून लोहचुंबक फिरवलं, तर रव्याएवढ्या चकचकीत किरच्या चिकटून आल्या. एक सिलिंडर काढून आत टॉर्च मारला. कॅमशाफ्टच्या (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) एका लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, टोकालाच खड्डे, कडेला तपकिरी गंज. ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करण्याची) वेळ यायला अजून पुष्कळ तास होते, तरी इंजिन खोलावं लागलं. फार जिवाला लागलं.

लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणारा मुख्य दांडा) वर असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून जातं आणि दमट हवेला लोखंड उघडं पडतं, एवढं कळलंय. आता ओव्हरहॉल झालेलं इंजिन बसलंय आणि पाऊस तोंडावर आहे. सध्या एरोशेल डब्ल्यू100 प्लस हे ऑइल वापरतो. त्यात कॅमगार्ड हे अ‍ॅडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळायचं पूरक रसायन) टाकावं, की लायकमिंगचं एलडब्ल्यू-16702? आमचे एक सीनियर म्हणतात, काही नको, दर शनिवारी दहा मिनिटं इंजिन चालव, मधूनमधून प्रॉपेलर हाताने फिरव. मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, मी बडोद्याला हरणीच्या हँगरमध्ये बरीच वर्षं याच इंजिनांवर काम केलं. आधी ते शनिवारचं बंद करा. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचात) उतरतं. दहा मिनिटांत ऑइल पुरेसं तापत नाही, म्हणजे पाणी आतच राहतं. लायकमिंगचं सर्व्हिस लेटर (कंपनीचं देखभालीचं सूचनापत्र) एल180 सीनियरना दाखवा: ऑइल 74 ते 93 अंश सेल्सियसवर ठेवून सलग तासभर उड्डाण, दोन उड्डाणांत जास्तीत जास्त 30 दिवस. आणि हाताने प्रॉपेलर फिरवला की लोबवर उरलेला ऑइलचा थर पुसला जातो.

डब्ल्यू100 प्लसमध्ये एलडब्ल्यू-16702 चं काम करणारा घटक आधीच आहे, ते वरून नको. कॅमगार्ड टाकायचंच तर 5 टक्क्यांच्या मापात, तुमच्या क्वालिटी मॅनेजरची लेखी परवानगी घेऊन आणि लॉगबुकात नोंद करून. त्याने गंज चढायला उशीर लागतो, पण ते उड्डाणाची जागा घेत नाही. महिनाभर उडणारच नसेल तर प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल (उभ्या इंजिनाला गंजापासून जपणारं) भरा, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे, ओलावा शोषणारे डिहायड्रेटर प्लग लावा, ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि एक्झॉस्ट झाका. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार. ते लेटर उद्याच छापून हँगरमध्ये लावतो. प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल भरायच्या आधी एक तासभराचं उड्डाण करून घेऊ ना?

प्रतिसाद:
हो, आणि जुनं ऑइल गरम असतानाच काढा. साचलेली घाण त्याच्याबरोबर बाहेर येते.