नववी-दहावीच्या वर्गातलं 'करून पहा': तुमचे अनुभव लिहा

विज्ञानाच्या पुस्तकात पानोपानी 'करून पहा'ची चौकट असते. दहावीला ती बहुधा वाचून दाखवतात आणि मुलं खाली पेन्सिलीनं रेघ मारतात! ज्यांनी ती खरंच करवून घेतली, किंवा शाळेत असताना केली, त्यांनी इथे लिहा. विषय कुठलाही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी विज्ञान शिकवते. लंबकाला सामान काय, तर दोरा, लोखंडी नट आणि मोबाइलमधलं घड्याळ. पण आधी अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनानं. वजन वाढवलं तर हेलकावा लवकर पूर्ण होईल का? वर्गात लगेच दोन तट पडतात. एका गटाला तीन नटांना खरंच जास्त वेळ लागला आणि त्यांनी जल्लोष केला. शेजारच्या गटानं जवळ जाऊन पाहिलं, तर नट एकाखाली एक लोंबत होते, म्हणजे लंबकाची लांबीच वाढली होती. हे मी सांगून इतकं पटलं नसतं.

मग खरी गंमत. २५ सेंमी लांबीला दहा हेलकाव्यांना साधारण १० सेकंद लागतात. २० सेकंद हवे असतील तर? सगळा वर्ग ओरडतो, "५० सेंमी!" मोजलं की येतात १४च्या आसपास. दोरा पार एक मीटरपर्यंत न्यावा लागतो. वर्गमूळ फळ्यावर येतं ते त्यानंतर.

गणिताचे सर, तालुक्याचं गाव
त्रिकोणमितीला कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवतो, मध्यबिंदूतून दोरा सोडून टोकाला खोडरबर. स्ट्रॉमधून ध्वजस्तंभाचं टोक बघत मागे सरकायचं आणि दोरा ४५ अंशांच्या रेघेवर आला की थांबायचं. तिथून खांबापर्यंतचं अंतर अधिक स्वतःच्या डोळ्यांपर्यंतची उंची, झाली स्तंभाची उंची. 'अधिक'वालं बहुतेक सगळे विसरतात. उंच आणि बुटक्या मुलांची उत्तरं जुळेनात, की आपसूक शोध सुरू होतो.

माजी विद्यार्थिनी
आमच्या बाईंनी हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्यानं नावं लिहायला लावली होती. लाल अक्षरं उमटली. त्यावर लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळी. आम्लारी म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

शहरातली शिक्षिका
वाचायला छान आहे, पण माझ्या वर्गात साठाच्या वर मुलं आणि ३५ मिनिटांचा तास. सामान वाटण्यातच अर्धा तास जातो. शिवाय घटक चाचणीत प्रश्न व्याख्येचाच.

धागाकर्ती
@शहरातली शिक्षिका, हे खरंय. मी सामान वाटतच नाही. दोरा घरून आणायला सांगते, एका बाकाला एक नट. वेळ मोजायचं काम मागच्या बाकांकडे, कारण मोबाइल कसा वापरायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. चाचणीचं मात्र माझ्याकडेही उत्तर नाही. कुणी मुख्याध्यापक असतील तर लिहा.