उन्हाळ्यात घरबसल्या शैक्षणिक संस्थेत इंटर्नशिप केलीत? अनुभव लिहा

धागाकर्ती, वरूड (अमरावती)
मे-जूनमध्ये घरी राहून एखाद्या शैक्षणिक संस्थेचं काम करायचं, हे आता आपल्या खेड्यांतही रुळलंय. ऑफिस पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि काम करणारी पोरगी मोर्शीजवळच्या गावात. एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष काम करून घ्यायचं प्रशिक्षण) आल्यापासून तर विचारणा फारच वाढली. मला ठामपणे वाटतं की आपण गावात असणं हीच या कामातली आपली जमेची बाजू आहे. संस्थेने तिचा उपयोग करून घेतला पाहिजे एवढंच. तुम्हाला काय दिसलं ते सविस्तर लिहा. संस्थेचं नाव टाकू नका.

कुरखेडा (गडचिरोली), बी.ए.
माझं काम पालकांना फोन करण्याचं. संस्था तिसरी-चौथीच्या मुलांना व्हॉट्सॲपवर रोज एक उपक्रम पाठवायची. मुलाने तो केला का, कुठे अडलं, हे विचारून आम्ही शीट भरायचो. फोनची वेळ ठरलेली, सकाळी ११ ते ४. आणि आमच्याकडे मे महिना म्हणजे तेंदूपत्ता, विडीची पानं! माणसं पहाटे अंधारात जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततात, मग अख्खं घर सावलीत बसून पुडे बांधतं, ते संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, न्यायचे. दुपारी फोन केला की उत्तर एकच, "बाई, आत्ता नोको, पानं बांधून रायलो." शीटमध्ये आमचा तालुका लालेलाल. संस्थेच्या ताईंना वाटलं, पालकांना आस्थाच नाही. मी मीटिंगमध्ये इथला दिवस कसा जातो ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आमच्यापुरती वेळ संध्याकाळी ७ नंतरची केली. फोन उचलले जाऊ लागले.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. गुणाकाराच्या एका उपक्रमात लोकल गाडीचे डबे होते. शेजारची तिसरीतली मुलगी ते वाचून गप्प बसली. तिच्या मांडीवर पानं होती. पाच-पाच पानं उचलायची, देठ एका बाजूला करायचे, ७० झाली की दोरीची गाठ मारून पुडा बाजूला. हात थांबतच नव्हते. मी विचारलं, आठ पुड्यांची पानं किती? ती पुटपुटली, "दहाचे सातशे... दोन पुड्याचे एकशे चाळीस कमी... पाचशे साठ." मी ते तसंच्या तसं ताईंना लिहून पाठवलं. नंतरच्या उपक्रमांत पुडे आले, आणि तिने ते सगळे सोडवले.

धारणी (अमरावती)
मेळघाटात आमची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठी आर्य कुळातली. पहिलीत आलेलं मूल आधी भाषेशीच झगडतं. मला मराठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायचं काम होतं. मी विचारलं, गोष्ट आधी कोरकूत सांगून मग मराठीत वाचू का? तपासणार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. शेवटी माझी आजी आणि गावातल्या अंगणवाडी सेविका यांनी ऐकून दुरुस्त्या सांगायच्या असं ठरलं. आजीने पहिलीच गोष्ट मध्येच थांबवली. म्हणाली, एवढ्या घाईत गोष्ट सांगतात का कुठे!

रेकॉर्डिंग पहाटे, पंखा बंद करून. पाठवायला मात्र घाटाच्या वळणावर जावं लागे, रेंज तिथेच. लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. मोठ्या फायली जातच नव्हत्या, तेव्हा संस्थेने साधी व्हॉइस नोट चालवून घेतली. आवाज जरा खरखरीत, पण मुलांपर्यंत पोचला.

दारव्हा (यवतमाळ)
माझा अनुभव चांगला नाही. दोन्ही महिने नुसती डेटा एंट्री. एकाही मुलाशी बोलू दिलं नाही, रिचार्जही माझ्याच खिशातून. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'शैक्षणिक कार्य' लिहिलंय, याचं अजून वाईट वाटतं.

जि.प. शिक्षक, मेहकर (बुलडाणा)
उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटाकडे. तेवढ्यात परिच्छेद वाचणारं मूल पुन्हा शब्दांवर येतं, हे मी दरवर्षी पाहतो. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीतली वाचनचाचणी २००५ पासून चालू आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, बस. इंटर्न मुलांनो, सुट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी ती घ्या, पण समोर बसवून. फोनवर मोठी बहीण मागून सांगते आणि लहानगं तेच म्हणतं.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीने स्वतःच्या गल्लीतल्या मुलांची अशी नोंद ठेवली. शाळा उघडली तशी वही माझ्या हातात दिली. कोण जोडाक्षराला अडतं, कोण ओळ सोडून खाली उतरतं, सगळं लिहिलेलं. त्याच वहीवरून मी वर्गाचे गट पाडले. संस्थांनी ही माहिती आपल्या अहवालात ठेवावी, पण शाळेलाही द्यावी, ही हात जोडून विनंती.

चिमूर (चंद्रपूर)
घरी एकच मोठा फोन, तो दिवसभर भाऊ शेतावर नेतो. लॅपटॉप नाही. मी अर्ज करावा का?

कुरखेडा
नक्की कर ताई. अर्जातच स्पष्ट लिही की फोन रात्रीच मिळतो. पालकही तेव्हाच घरी सापडतात, हेही लिही. मुलाखतीत तू पण विचार: मुलांशी प्रत्यक्ष बोलायला मिळेल का, रिचार्जचे पैसे कोण देणार, अडलं तर कुणाला फोन करायचा. ग्रामपंचायतीत भारतनेट (सरकारी इंटरनेट) चालू असेल तर शीट भरायला तिथे बसता येतं का, ते ग्रामसेवकांना विचारून ठेव. आणि ओजेटीत धरायचं असेल तर कॉलेजची परवानगी आधी घे, नंतर पत्र मिळवताना फार चकरा होतात. माझा अर्ज अजून मेलमध्ये आहे, तुला पाठवते.