हायब्रिड एसयूव्ही: तिसरी रांग, ॲव्हरेज आणि बॅटरीची धास्ती

नमस्कार मंडळी,

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचे दिवस भरत आलेत. दोन मुलं, दोघांच्या कारसीट, आणि आई-बाबा वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. त्यामुळे तीन रांगांची एसयूव्ही घ्यायचं जवळपास ठरलंय. अडलंय ते हायब्रिडवर, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीवर. शोरूमवाले म्हणतात प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करायची हायब्रिड घ्या. ऑफिसातले म्हणतात साधी पेट्रोल घ्या, बॅटरी गेली की कंबरडं मोडेल. आमचं रोजचं जाणं-येणं शहरातलंच, लांबचा पल्ला फक्त सुट्टीत. घराला पार्किंग नाही, गाडी रस्त्यावरच उभी असते. ज्यांच्याकडे हायब्रिड आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

*

नमस्कार,

गाडी रस्त्यावर उभी राहते म्हणालात, तिथेच प्लग-इनचा निकाल लागला. प्लग-इनमध्ये साधारण 10 ते 20 किलोवॅट-तासांची बॅटरी असते. रोज रात्री घरी चार्ज केली तर शहरातली बरीचशी धावपळ पेट्रोलशिवाय होते. चार्जच केली नाही तर तेवढं वजन गाडी उगाच वाहत राहते. ज्यांच्या दाराशी प्लग आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. तुम्ही नको.

‘माइल्ड हायब्रिड’ या पाटीलाही भुलू नका. त्यात बहुधा 48 व्होल्टची छोटी यंत्रणा इंजिनाला थोडा हातभार लावते, पण गाडी नुसत्या मोटरवर सहसा चालत नाही. तुम्हाला हवी ती फुल हायब्रिड, म्हणजे काही जण जिला स्ट्राँग हायब्रिड म्हणतात ती. तिला बाहेरून चार्ज करायचं नसतं. ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होते आणि एरवी ब्रेक तापवण्यात वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. म्हणूनच सिग्नलवर थांबत-थांबत जाण्यात तिचा खरा फायदा. हायवेवर एकाच वेगाने जाताना तो बराच कमी होतो.

ॲव्हरेजच्या बाबतीत आपण सगळेच एका गोष्टीला फसतो. लहान गाडी लिटरला 16 वरून 24 किलोमीटरवर गेली की डोळे दिपतात. मोठी गाडी 8 वरून 12 वर गेली तर वाटतं, चारच तर वाढले! आता वर्षाला 15,000 किलोमीटर धरा. लहान गाडीचं पेट्रोल सुमारे 938 लिटरवरून 625 वर येतं, वाचले 313 लिटर. मोठीचं 1,875 वरून 1,250 वर येतं, वाचले 625 लिटर. दुप्पट! म्हणून मी ठामपणे सांगते की हायब्रिड घ्यायचीच तर ती मोठ्या गाडीत घ्यावी. तुमच्या वाचणाऱ्या लिटरना तुमच्याकडच्या दराने गुणा. पेट्रोल आणि हायब्रिड मॉडेलच्या किमतीतल्या फरकाला त्या रकमेने भागलं की किती वर्षांत पैसे वसूल होतील ते कळेल. मात्र कंपनीने दिलेला आकडा धरू नका, तीच गाडी चालवणाऱ्यांचा धरा. थंडीत तो खाली येतो, कारण आतला हीटर चालवायला इंजिन वारंवार सुरू होतं.

बॅटरीची भीती मला फारशी पटत नाही. हे तंत्रज्ञान कालचं नाही. टोयोटाची प्रियस 1997 साली जपानमध्ये आली आणि फोर्डची एस्केप हायब्रिड ही एसयूव्ही 2004 मध्ये. फुल हायब्रिडची बॅटरी पूर्ण भरूही देत नाहीत आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाहीत, ती मधल्याच पट्ट्यात खेळवतात. त्यामुळे ती दीर्घकाळ टिकते. बॅटरीची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीपेक्षा बहुधा वेगळी आणि जास्त वर्षांची असते, ती लेखी वाचून घ्या.

सांभाळायचं ते भलतंच. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा बाजूला एक जाळी असते. बॅटरी थंड ठेवणारा पंखा तिथून केबिनमधली हवा ओढतो. केस, चादरीचे धागे, बिस्किटांचा चुरा, सगळं तिथे जाऊन बसतं. मुलांच्या घरात तर बघायलाच नको. जाळी साफ ठेवा, तिच्यासमोर पिशव्या रचू नका.

दुसरी म्हणजे साधी 12 व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिला जोडणारे रिले, म्हणजे विजेचे स्विच, या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली की गाडी ढिम्म हलत नाही, धक्का मारूनही सुरू होत नाही. महिनाभर बाहेर जाणार असाल तर तिची सोय करून जा.

*

ताई, मनःपूर्वक आभार. प्लग-इन यादीतून काढली. आता दोन शंका. तिसऱ्या रांगेत आई-बाबा नीट बसतील का? आणि सेकंड हँड हायब्रिड घेण्यात कितपत धोका आहे?

*

नमस्कार दादा,

ताईंनी बाकी सगळं लिहिलंच आहे, या दोन शंकांवर मी लिहितो.

आई-बाबांना तिसऱ्या रांगेत बसवू नका. गुडघे छातीशी येतात आणि चढता-उतरताना फार हाल होतात. ते मधल्या रांगेत, मुलं मागे, हे उत्तम, पण कित्येक गाड्यांत कारसीट अडकवायचे हुक तिसऱ्या रांगेत नसतात किंवा एकाच जागी असतात. तुमच्या दोन्ही कारसीट शोरूममध्ये घेऊन जा आणि स्वतः बसवून बघा. मग तिसरी रांग उघडी ठेवून डिकीत किती सामान मावतं तेही बघा. सगळे बसल्यावर मोठ्या बॅगांना जागाच उरत नाही, असं पुष्कळ गाड्यांत होतं. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हेही विचारा. वजनाची मर्यादा लेबलवर किंवा पुस्तिकेत दिलेली असते. सात मोठी माणसं सरासरी 70 किलोची धरली तरी 490 किलो होतात, सामान वेगळं.

सेकंड हँड घेताना हायब्रिड बॅटरीची तपासणी करून लेखी रिपोर्ट मागा. देत नसतील तर सरळ पुढची गाडी बघा. गाडी पुरात बुडालेली नव्हती ना, याची खात्री करा. ब्रेक पॅड जाड दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. हायब्रिडमध्ये ब्रेक कमी घासले जातात, त्यामुळे डिस्कवर गंज धरू शकतो आणि कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे भाग, अडकू शकतात. आपल्या भागात हाय-व्होल्टेजचं काम जाणणारा मेकॅनिक आहे का, ही चौकशी गाडी पसंत करण्याआधी करा. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कोणीही हात लावून चालत नाही.

चक्कर मारायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा आणि घरच्या सगळ्यांना बसवून चढावर घ्या. बऱ्याच हायब्रिडना नेहमीसारखे गिअर नसतात. भरलेल्या गाडीत चढावर इंजिन एका सुरात घुमत राहतं. काहींना ते अजिबात चालत नाही, काहींच्या दोन दिवसांत अंगवळणी पडतं. वहिनींनाही चालवू द्या.