मदत हवी आहे : व्हिक्टोरियात सोने शोधण्यासाठी जीपीएक्स ६००० घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि गेल्या दीड वर्षापासून, जमेल त्या शनिवारी, डनॉली, टारनागुल्ला आणि वेडरबर्न या भागात मेटल डिटेक्टर घेऊन सोने शोधायला जातो. माझ्याकडे सध्या मिनलॅबचा इक्विनॉक्स ८०० आहे, तो मी एका ओळखीच्या गृहस्थांकडून वापरलेला घेतला होता. आता त्याच कंपनीचा जीपीएक्स ६००० घ्यावा असे मनात आहे. त्यासाठी मला आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास रक्कम मोजावी लागेल आणि घराचे हप्ते चालू असताना एवढा खर्च उत्साहाच्या भरात करायला मन धजत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

इथली परिस्थिती माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना तीस डॉलरच्या आत मिळतो आणि तो दहा वर्षे चालतो. तो असला की सरकारी जंगलात आणि ठरवून दिलेल्या इतर जागांवर हाताच्या अवजारांनी शोध घेता येतो आणि सापडलेले सोने आपले होते. खाजगी जमिनीवर मालकाची संमती लागते, आदिवासींच्या वारसास्थळांना हात लावायचा नसतो आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा असतो. हे सारे मी पाळतो, त्यामुळे माझा प्रश्न कायद्याचा नाही. ‘भारतात आणून वापरता येईल का’ असेही कृपया विचारू नये, कारण तिथले कायदे पूर्ण वेगळे आहेत आणि माझा तो विचारही नाही.

प्रश्न उभा राहिला तो गेल्या महिन्यातल्या एका प्रसंगामुळे. डनॉलीजवळ एक जुनी, १८५० च्या दशकातल्या खाणकामगारांनी उकरून ठेवलेली ओघळ आहे. माती गेरूसारखी लाल, वर लोहयुक्त खडे आणि गारगोटीचे तुकडे विखुरलेले. मी त्या ओघळीच्या एका काठावरून सकाळभर फिरलो होतो. माझे यंत्र सतत किरकिरत होते, म्हणून मी त्याची संवेदनशीलता बरीच खाली आणली होती. दुपारी माझ्याबरोबर आलेले, वयाने बरेच मोठे असलेले एक अनुभवी गृहस्थ त्याच काठावरून जीपीएक्स ६००० घेऊन गेले आणि एका ठिकाणी थांबले. त्यांनी लगेच खणले नाही. मला जवळ बोलावून म्हणाले, “आधी तुझे यंत्र इथे फिरव.” मी चारही बाजूंनी कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची गोल चकती, फिरवली, पण आजूबाजूच्या किरकिरीपेक्षा वेगळे काहीही ऐकू आले नाही. मग त्यांनी कुदळ घातली. साधारण वीतभर खोलीवर, मुरुमाच्या थरात, सव्वा ग्रॅमचा एक नगेट, म्हणजे नैसर्गिक सोन्याचा खडा, निघाला. एका बाजूला गारगोटी चिकटलेली होती आणि बोटाने माती पुसल्यावर आतून तो गडद पिवळा रंग दिसला. मी तिथून सकाळी दोनदा गेलो होतो.

तेव्हापासून मला एकच गोष्ट ठरवता येत नाही. कमी पडत आहे ते माझे यंत्र, की मी स्वतः?

यंत्रांमधला फरक मला समजला आहे तो असा, चुकत असल्यास दुरुस्त करावे. इक्विनॉक्ससारखे यंत्र लहरी सतत पाठवत राहते आणि त्याच वेळी परत येणारा प्रतिसादही ऐकत असते, त्यामुळे जमिनीत लोहाचे प्रमाण जास्त असले की मातीचाच गोंगाट त्याच्या कानात भरतो. जीपीएक्स मालिकेतली यंत्रे पल्स इंडक्शन पद्धतीची आहेत. ती एक जोरदार स्पंद देतात, थांबतात आणि मग ऐकतात, म्हणजे घंटेवर टोल देऊन हात बाजूला घ्यावा आणि मागे राहिलेला नाद ऐकावा, तसे. धातूत निर्माण झालेला प्रवाह विरायला थोडा वेळ लागतो, मोठ्या तुकड्यात जास्त आणि बारीक तुकड्यात फार कमी. त्यामुळे बारीक सोने पकडायचे तर स्पंद संपताच ऐकायला सुरुवात करावी लागते, पण नेमक्या त्याच क्षणी मातीचाही आवाज शिल्लक असतो. नव्या यंत्रांची सारी कमाई हा पेच जास्त चांगल्या रीतीने सोडवण्यात आहे, असे मला वाटते.

आता पैशाचा हिशेब. सोन्याचा २०२४ अखेरचा भाव, ग्रॅममागे साधारण १३० डॉलर, धरला, तर केवळ यंत्राची किंमत वसूल करायला साठ-बासष्ट ग्रॅम सोने सापडायला हवे, म्हणजे आपल्या आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने सहा तोळ्यांच्या वर. दीड वर्षात माझ्या पदरात पडले आहेत दोन नगेट, एक ०.४ ग्रॅमचा आणि दुसरा ०.९ ग्रॅमचा, आणि त्यांच्यासोबत शिशाचे छर्रे, बुटांचे खिळे आणि काडतुसांची टोपणे यांनी भरलेली एक मोठी बरणी. या गतीने वसुली होणार नाही हे उघड आहे. पण हा धंदा नाही, छंद आहे, म्हणून वसुली हीच कसोटी मानायची का, हेही मला कळत नाही. माझ्या आजोबांचे कोल्हापूरच्या गुजरीत छोटे दुकान होते. दुकानाचा केर विकत घ्यायला झारेकरी यायचे. त्यांच्यातला एक जण घमेल्यात ती धूळ धुताना, शेवटची चिमूटभर काळी रेती बोटाने बाजूला सारून तळाशी राहिलेला पिवळा कण मला दाखवायचा, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. त्या कणाची किंमत मी तेव्हाही विचारली नव्हती. जंगलात गुडघ्यावर बसून माती चाळताना मला तेच समाधान मिळते आणि ते मला गमवायचे नाही.

माझ्या पत्नीचा या छंदाला विरोध नाही. तिने एकच प्रश्न विचारला, आणि तो मला फार योग्य वाटतो : “तुम्ही वर्षातून खरोखर किती दिवस जाता?” मोजले तर गेल्या वर्षी आठ दिवस निघाले. इथल्या, डिसेंबर-जानेवारीतल्या, उन्हाळ्यात उष्णता, वणव्याचा धोका आणि साप यांमुळे मी जात नाही, त्यामुळे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच काळ उरतो. सोनपट्ट्यातल्या एका दुकानात हे यंत्र मला दिवसाला १२० डॉलर भाड्याने मिळते. पाच वर्षांनी ते निम्म्या किमतीला विकले जाईल असे गृहीत धरले, तर विकत घेण्याचा खरा खर्च चार हजार होतो, म्हणजे तेहतीस-चौतीस दिवसांचे भाडे. वर्षाला सात दिवसांपेक्षा जास्त जाणार असेन तर खरेदी स्वस्त पडते, आणि मी नेमका त्या रेषेवर उभा आहे.

वापरलेला जीपीएक्स ५००० साधारण निम्म्या किमतीत मिळू शकतो, हाही एक पर्याय आहे, पण त्याची बॅटरी वेगळी, पाठीवर बांधायची असते. माझ्या उजव्या खांद्याला जुना त्रास आहे, त्यामुळे २.१ किलोचा, बॅटरी अंगातच असलेला ६००० मला जास्त सोयीचा वाटतो. दुसरीकडे काही मित्र २०२३ सालची बातमी दाखवतात. त्या वर्षी याच सोनपट्ट्यात एका माणसाला साडेचार किलोंच्या वर वजनाचा दगड सापडला होता, त्यात २.६ किलो सोने होते, आणि त्याच्या हातात माझ्यासारखाच इक्विनॉक्स ८०० होता. मग महागडे यंत्र हवे कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझ्या जागी आपण असता तर काय केले असते, आणि निर्णय घेण्याआधी आणखी कोणती गोष्ट तपासून पाहिली असती, हे कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी बेंडिगोत राहतो आणि बारा वर्षे या छंदात आहे. आपला प्रश्न नीट विचार करून मांडलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आधी त्या २०२३ च्या दगडाबद्दल. अडीच किलोंहून जास्त सोने असलेला दगड जवळजवळ कोणत्याही चालू यंत्राला ऐकू येईल. १९८० साली किंगोवरजवळ सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ हा नगेट २७ किलोंचा होता आणि तोही त्या काळच्या डिटेक्टरनेच, जेमतेम फूटभर खोलीवर सापडला. १८६९ साली मोलिआगुलला मिळालेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ तर झाडाच्या मुळांपाशी, पृष्ठभागाच्या काही सेंटिमीटर खाली होता, त्याला यंत्रच लागले नाही. मोठ्या सोन्याच्या गोष्टींवरून यंत्र निवडू नये. आपल्याला जे सापडणार आहे ते अर्ध्या-एक ग्रॅमचे आहे आणि यंत्रांमधला खरा फरक तिथेच दिसतो.

त्या गृहस्थांनी खणण्याआधी आपले यंत्र फिरवायला लावले, हे त्यांनी फार चांगले केले, कारण एकदा माती हलली की तुलनेला अर्थ उरत नाही. पण तो एकच नमुना आहे. एक दिवस यंत्र भाड्याने घ्या आणि सोबत आपला ०.४ ग्रॅमचा नगेट न्या. त्याच लाल मातीत, पण परवानगी असलेल्या मोकळ्या जागी, लहान खड्ड्याच्या भिंतीतून आडवे, थोडे तिरपे भोक पाडा आणि नगेट प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटवून आत सरकवा, म्हणजे वरची माती न हलता तशीच राहील. मग दोन्ही यंत्रे फिरवून वेगवेगळ्या खोलींवर ऐका. ज्या खोलीवर आपले यंत्र गप्प होते आणि दुसरे बोलते, तेवढी पट्टी आपण आठ हजार डॉलरना विकत घेत आहात.

दुसरे, ६००० मध्ये लोखंड ओळखून वगळण्याची सोय नाही. जुन्या वस्त्यांच्या जागी तो प्रत्येक खिळ्यावर बोलेल आणि आपल्याला प्रत्येक खिळा खणावा लागेल. खांद्याचा त्रास फिरवण्यापेक्षा खणण्याने जास्त वाढतो, हे ध्यानात ठेवावे. कुदळीच्या टोकाला चुंबक बसवून घ्या, निम्मा वेळ वाचेल.

वापरलेला ५००० घेणार असाल तर अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या मालिकेची बनावट यंत्रे बाजारात आली आहेत आणि बाहेरून पाहून ती सहज ओळखता येत नाहीत.

आणि एक, आपण सकाळी त्या काठावरून किती वेळात गेलात? दोनशे पावलांना तास लागला नसेल, तर थोडा दोष वेगाचाही आहे. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत आणि सावकाश फिरायला हवी, हे दोन्ही यंत्रांना सारखेच लागू आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. या शनिवारी भाड्याचे यंत्र घेऊन आपण सांगितली तशी परीक्षा केली. ०.४ ग्रॅमचा नगेट माझ्या इक्विनॉक्सला अडीच इंचांपर्यंत खात्रीने ऐकू आला, त्यापुढे मातीच्या आवाजात मिसळून गेला. ६००० ला तो पाच इंचांवर स्पष्ट आणि सहा इंचांवर बारीक, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी ऐकू आला. म्हणजे त्या लाल मातीत यंत्राचा फरक खरा आहे. मात्र टारनागुल्लाजवळच्या फिकट, वाळूमिश्रित जमिनीवर हीच परीक्षा केली तेव्हा अंतर बरेच कमी निघाले, हे मला अपेक्षित नव्हते.

वेगाबद्दलही आपले म्हणणे बरोबर आहे. मी घड्याळ लावून पाहिले, त्या काठाला मी पूर्वी वीस मिनिटे दिली होती. या वेळी पावणेदोन तास दिले आणि त्यात माझ्या जुन्या यंत्रानेही दोन छर्रे जास्त शोधले, म्हणजे तितक्याच लहान आकाराचे दोन धातूचे तुकडे मी आधी ओलांडून गेलो होतो.

म्हणून सध्या खरेदी थांबवली आहे. हा हिवाळा भाड्याचेच यंत्र वापरेन आणि वहीत दिवस मोजेन. सप्टेंबरअखेर ते दहाच्या वर गेले, तर नवे यंत्र घेईन, आणि पत्नीलाही हे मान्य आहे. तोवर एक शंका शिल्लक आहे : ओघळीच्या वरच्या टोकाला उच्च दाबाची वीजवाहिनी जाते आणि तिथे ६००० ची ११ इंची कॉइल फार गोंगाट करते. भाड्याच्या पेटीत १४ इंची डबल डी कॉइलही (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली) असते. वाहिनीखाली ती लावून कोणी काम केले आहे का, आणि तसे करताना बारीक सोन्याची संवेदनशीलता किती घटते?