मदत हवी आहे : वडिलांच्या पिढीतील व्यापाऱ्यांशी लेखी कराराचा विषय कसा काढावा?

सप्रेम नमस्कार. जळगावात आमची लहान डाळमिल असून तिची लघुउद्योग म्हणून नोंदणी झालेली आहे. धुळे, अमळनेर आणि चाळीसगाव येथील ज्या घाऊक व्यापाऱ्यांशी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर व्यवहार केला, ते आजही घरच्यांची ख्यालीखुशाली विचारून, अर्धे अहिराणीत बोलत, फोनवरच मागणी नोंदवतात आणि पैसे हंगाम पाहून पाठवतात. पैसे बुडाल्याचे मात्र एकही उदाहरण नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता हिशेब मी पाहतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार आमच्यासारख्या उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात; शिवाय २०२३-२४ पासून मुदत उलटलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरात प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा करता येते. म्हणजे करार त्यांच्याही सोयीचाच आहे. परंतु कागद पुढे केला की शब्दावरचा विश्वास उडाला असा अर्थ निघेल, असे नानांचे म्हणणे आहे आणि ते मला अगदीच चुकीचे वाटत नाही.

या व्यापाऱ्यांची मुले व्हॉट्सॲपवर चटकन होकार देतात, पण निर्णय शेठजींचाच असतो. अशा वेळी नानांना सोबत घेऊन पेढीवर जावे, की आधी मुलांशी बोलावे? तसे केल्यास वडीलधाऱ्यांना डावलल्यासारखे होईल का? ज्यांनी असा बदल जुने संबंध राखून केला आहे, त्यांनी पहिले बोलणे कोणी आणि कोणत्या शब्दांत काढले, हे कृपया सविस्तर कळवावे.