तलावडी बुजवून दोनशे झाडं लावली, म्हणजे भरपाई झाली का?

दांडियाबाजारकर:
मी मूळचा बडोद्याच्या दांडिया बाजारचा, चार वर्षांपासून भायलीकडे राहतोय. सोसायटीच्या मागे एक तलावडी आहे, म्हणजे होती म्हणावं लागेल, फार मोठी नाही पण जुलै ते जानेवारी पाणी टिकायचं, टिटव्या, बगळे, पाणकोंबड्या सगळं असायचं. शेजारी नवीन बिल्डिंगची स्कीम सुरू झाली आणि बेसमेंटची माती डंपरने सरळ त्यात टाकली, निम्मी तलावडी गेली. आम्ही सात-आठ जण जाऊन उभे राहिलो तेव्हा काम थांबलं. आता बिल्डर म्हणतो मी ती डेव्हलप करून देतो, काठाला पिचिंग म्हणजे दगडी अस्तर, लॉन, वॉकिंग ट्रॅक आणि दोनशे झाडं. यादी बघितली तर बॉटल पाम आणि फायकसच जास्त. कोनोकार्पस हे विदेशी झाड नाही, कारण त्यावर 2023 मधे गुजरातच्या वनखात्याने बंदी घातली.

माझं स्पष्ट मत आहे, पाणथळ जागेला लागून बांधकाम करणाऱ्याने ती जागा देशी झाडा-गवतांनी पुन्हा उभी करून द्यायची, आणि ते झाल्याशिवाय बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळता कामा नये. वाळा, लव्हाळा, नागरमोथा, पाणकणीस, वर करंज, जांभूळ, अर्जुन. हे सगळं इथलंच आहे. पटतंय का?

साइटवरचा:
दादा, चौदा वर्षं साइटवर काढलीत म्हणून बोलतो, राग मानू नका. माती टाकली ते चूकच. पण बीयू अडवली तर बिल्डरचं काही जात नाही, ज्याने होमलोन काढलंय तो माणूस भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसतो. गवत रुजायला दोन पावसाळे लागतात, तोवर त्याने काय करायचं? आणि 2017 चे पाणथळ जागांचे नियम तुम्ही वाचा, ते रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय यादीतल्या पाणथळ जागा, आणि सरकारने नोटिफाय केलेल्या जागांना लागतात. तुमची तलावडी त्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे लोक. पझेशन मिळालं की सहा महिन्यांत तेच रहिवासी अर्ज देतात, गवत काढा, मच्छर झाले, साप निघाला. आणि बडोद्यात तर मगर. ऑगस्ट 2024 मधे लोकांच्या दारात मगरी आल्या होत्या. आता लहान मुलांच्या सोसायटीला लागून झाडी वाढवा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

समावाली:
ऑगस्ट 2024 ला आमच्या खालच्या मजल्यावर तीन दिवस पाणी होतं म्हणून मला बोलू द्या. बडोद्याच्या काळाघोडा पुलाला डेंजर मार्क 25 फुटांची, आणि विश्वामित्री नदी 35 च्या वर गेली. ती मगर तलावडीतल्या गवतामुळे नाही आली हो भाऊ, नदीच आमच्या घरात आली आणि तिच्याबरोबर मगर आली. पाणी आधी कुठे थांबायचं? अशाच खोलगट जागांत, कोतरांत म्हणजे घळींत, कांसांच्या म्हणजे पावसाळी नाल्यांच्या कडेला. तिथे तुम्ही लोकांनी भरणी केली, एकेका स्कीमचा प्लिंथ म्हणजे जोतं चार-चार फूट वर घेतलं, मग पाणी खालच्या जुन्या वस्तीत शिरणार नाही तर कुठे जाईल? माझ्या सासूबाईंची औषधं, गाद्या, मुलाची दहावीची पुस्तकं सगळं चिखलात गेलं.

आणि मच्छरचं म्हणाल तर डेंग्यूचा मच्छर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, स्लॅबच्या क्युरिंगच्या पाण्यात, पिंपात, लिफ्टच्या खड्ड्यात. जित्या तलावडीत चतुराच्या अळ्या आणि बारके मासे असतात, ते मच्छरांच्या अळ्या खातात.

निवृत्त मास्तर, वनस्पतीशास्त्र:
मी मूळ धागाकर्त्याच्या बाजूचा, पण एका मुद्द्यावर त्यांच्याशीच भांडणार आहे. तुम्ही सुरुवातच झाडांच्या यादीपासून केलीत. झाडं शेवटची गोष्ट आहे. पाणी पूर्वी कुठून यायचं, किती वर चढायचं, कधी उतरायचं, ते परत जमलं नाही तर वाळा लावा नाहीतर पाम लावा, एकच.

पिचिंग तर होऊच देऊ नका. तलावडीचा खरा जीव काठात असतो. काठ इतका पसरट हवा की पाणी वीतभर उतरलं तर पाच-सहा पावलांचा पट्टा उघडा पडावा. त्याच ओल्या पट्ट्यात लव्हाळा, नागरमोथा येतो, टिटवी फिरते, बेडूक लपतात. दगड उभे लावले की तो पट्टाच संपला, तलावडीची टाकी झाली.

आणि ती टाकलेली माती काढताना जेसीबीवाल्यावर सोडू नका. खाली जुना तळ सापडेल, काळाकुट्ट, वासाचा, त्यात गोगलगायींचे शंख दिसतील, तिथे थांबायचं. त्या थरात जुन्या वनस्पतींचं बी असतं, वर्षानुवर्षं टिकतं. काठाचा वरचा वीतभर थर वेगळा ठेवून नंतर परत पसरला तर निम्मी लागवड आपोआप होते. त्यात जलपर्णी आणि बेशरम ही झुडपी वनस्पती तेवढी दिसेल तिथे मुळासकट काढायची, दोन्ही बाहेरून, दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या.

साइटवरच्या भाऊंना एक विनंती. काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर धुतलेलं पाणी तिकडे सोडू नका, सिमेंटचं पाणी चुन्यासारखं जळजळीत असतं, काही उगवू देत नाही. आणि काळ्या मातीचा ढीग पावसाळ्याआधी झाका, नाहीतर पहिल्या सरीत सगळा गाळ आत जाऊन पाणी गढूळ होतं आणि पाण्याखालच्या वनस्पतींना उजेडच मिळत नाही.

साइटवरचा:
सर, मातीचा ढीग आणि वॉशिंगचं पाणी, दोन्ही मान्य, ते आमच्या हातातलं आहे आणि आम्ही करत नाही ही आमची चूक. थर वेगळा ठेवायचं मला माहीतच नव्हतं. पण पाणकणसाचं काय? उथळ पाणी मिळालं की ते सगळं व्यापतं, मी बघितलंय, तीन वर्षांत पाणी दिसेनासं झालं. ते दरवर्षी कापायचं कोणी, पैसे कोणाचे? आणि ताई, प्लिंथ वर घेतला नाही तर त्याच लोकांच्या घरात पाणी शिरतं.

समावाली:
प्लिंथ घ्या ना वर, पण जेवढी जागा भरली तेवढं पाणी धरणारी जागा त्याच प्लॉटमधे खाली ठेवा. एवढंच म्हणणं आहे.

मांजलपूरकर:
"तलावडी माणसाने खोदलेली, ती कसली नैसर्गिक" असं आमच्याकडे ऐकवतात. बडोद्याजवळचा वढवाणा तलाव पण खोदलेलाच, बडोदा संस्थानाने 1910 मधे सिंचनासाठी बांधला आणि 2021 मधे रामसर यादीत गेला. हिवाळ्यात एकदा पहाटे जाऊन बघा.

दांडियाबाजारकर:
मास्तर, तुमचं पटलं, यादी बाजूला ठेवतो. पाणकणसासाठी मधला भाग खोल ठेवला तर ते काठालाच राहील ना? आमच्याकडे जुन्या बायका त्याला घाबाजरियुं म्हणतात, जखमेवर त्याचा कापूस लावायच्या, म्हणजे कापून न्यायला माणसं होती.

बीयूचं अर्धं मानतो. झाडं रुजेपर्यंत नको अडवू, पण भरणी काढून काठाचा उतार जुन्या लेव्हलला आला की नाही हे तर दोन आठवड्यांत मोजता येतं. तेवढ्यावर अडवा. आणि कापणीसाठी तीन वर्षांचे पैसे आधीच सोसायटीच्या खात्यात.

आज सकाळी जाऊन आलो. टाकलेल्या ढिगाच्या पायथ्याशी, जिथे जुनी माती वर आलीय, बोटभर लव्हाळा फुटलाय, पाणी नसताना. साइटवरचे भाऊ, रविवारी सकाळी सातला लेव्हल मशीन घेऊन याल का? जुना काठ कुठे होता ते आम्हाला शोधायचंय.

साइटवरचा:
मशीन आणतो, स्टाफ म्हणजे मोजायची उभी पट्टी धरायला एक माणूस तुम्ही द्या. बीयू अडवायच्या पत्रावर मात्र सही करणार नाही, ते माझं मत तसंच आहे.