४० टक्के सवलत: अर्ज केलाय का?
पुण्यात नवीन फ्लॅटच्या मिळकतकर बिलात ४० टक्के सवलत का दिसत नाही, असं एकाने विचारलंय. ती आपोआप लागत नाही हो! २०२३ मध्ये सरकारने सवलत परत आणली, पण घरात स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज द्यावाच लागतो. सोबत सोसायटीचं पत्र आणि रेशनकार्ड, गॅसकार्ड किंवा मतदार ओळखपत्र. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही. भाड्याने दिलेलं घर यात बसत नाही.

अर्जाची झेरॉक्स न्या आणि तिच्यावर तारखेसकट पोचेचा शिक्का मारून घ्या. मी घाईत तसाच निघालो, पुढच्या वर्षी बिल पुन्हा पूर्ण. आता तो शिक्क्याचा कागद फायलीत सगळ्यात वर आहे, लग्नाच्या दाखल्याच्याही वर.